दोन दिवसांची मुंबई: सांगली-साताऱ्याहून निघताना

नमस्कार, श्रोतेहो.

दोन दिवस मुंबईला जायचं ठरलं की घरात यादी सुरू होते. गेटवे, सिद्धिविनायक, राणीची बाग, जुहूची चौपाटी, नॅशनल पार्क; शिवाय बोरिवलीच्या आत्याकडं जेवण आणि डोंबिवलीच्या मामांकडं चहा. यादीत वावगं काही नसतं, फक्त ती नकाशावर ठेवून कुणी बघितलेली नसते. मुंबई रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर. चर्चगेट ते बोरिवली हेच ३४ किलोमीटर, जवळपास सांगलीहून इस्लामपूर गाठल्यासारखं. सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला आणि रात्री परत पहिल्या टोकाला असा बेत केला तर दोन दिवसांतला एक दिवस गाडीत उभं राहण्यातच जातो.

म्हणून आपण मुंबईचा फक्त दक्षिणेकडचा पट्टा घेऊ. पहिला दिवस सीएसएमटी ते मरीन ड्राइव्ह, दुसरा दिवस दादर-प्रभादेवी आणि शेवटी पुन्हा सीएसएमटी. जुहू आणि नॅशनल पार्क या खेपेला नाहीत. आत्या आणि मामांना दादरला जेवायला बोलवा. त्यांना लोकलची सवय असते, तुम्हाला नसते. कंदी पेढ्यांचा पुडाही तिथंच हातात देता येईल.

आता वार. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग, आणि अंगारकी असेल तर विचारूच नका. रविवारी क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातला कापडबाजार बंद, आणि वर रेल्वेचा मेगाब्लॉक. रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारी सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत काही मार्गांवर जलद गाड्या धीम्या रुळांवर वळवतात, काही रद्दच करतात. वारांची ही कुंडली जुळवून बघितली तर गुरुवारी रात्री निघावं, शुक्रवार-शनिवार मुंबईत काढावेत, शनिवारी रात्री परतीची गाडी धरावी आणि रविवारी घरी पाय पसरावेत, हे सगळ्यांत सोयीचं. एक रजा जाते, पण ती सार्थकी लागते.

गाडी महालक्ष्मी एक्स्प्रेस. कोयना दिवसाची गाडी आहे, तिच्यात पूर्ण दिवस प्रवासातच संपतो. महालक्ष्मी कोल्हापूरहून रात्री निघते, मिरज-सांगली-कराड करत मध्यरात्रीच्या सुमारास साताऱ्याला येते आणि सकाळी सातच्या आगेमागे सीएसएमटीला पोचवते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. इथं सातारकरांनी नीट लक्ष द्यावं. गाडी साताऱ्याला रात्री बारानंतर येत असेल, तर तुमच्या तिकिटावरची तारीख गुरुवारची नाही, शुक्रवारची हवी. ही चूक दरवर्षी कित्येकांची होते. माणसं गुरुवारी रात्री स्टेशनवर हजर, आणि तिकिटावरची गाडी मात्र आदल्याच रात्री निघून गेलेली. तत्काळचा हिशोब आणखी वेगळा आहे. गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी तत्काळ उघडतं: एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. म्हणजे गुरुवारी कोल्हापूरहून सुटणाऱ्या गाडीचं तत्काळ बुधवारीच निघणार, मग तुम्ही सांगलीला चढा की साताऱ्याला. ऑनलाइन काढायचं असेल तर आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते काम आठवडाभर आधी उरका, सकाळी दहाला पाच कमी असताना नाही.

बसनं जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं, ७५ च्या पुढं मोफत. खाजगी ट्रॅव्हल्सची गाडी वाशी, चेंबूर, सायन, दादर असे थांबे घेते. नेमकं कुठल्या कोपऱ्यावर उतरवणार ते तिकीट काढतानाच विचारून घ्या, कारण पहाटे पाचला झोपेत ‘चला, दादर’ ऐकून उड्डाणपुलाखाली उतरणं बरं नव्हे. स्वतःची मोटार नेऊ नये, असं स्पष्टच सांगतो. टोलनाक्यांची अडचण नाही. ऑक्टोबर २०२४ पासून वाशीसारख्या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर मोटारीला टोल नाही. अडचण फोर्टात गाडी लावायची कुठं, ही आहे. तेवढा एक प्रश्न अख्खी सकाळ खातो.

मुक्काम दादरला पश्चिमेला किंवा पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असावा. तिथं मराठी जेवण मिळतं आणि मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वे हाताशी येतात. खोली ठरवताना भाड्याआधी एक गोष्ट विचारा: चेक-इन किती वाजता, आणि हिशोब चोवीस तासांचा की दुपारी बारा ते बारा? तुम्ही सकाळी सातला दारात उभे, आणि खोली बाराला मिळणार. आधी आत जायचं तर अर्ध्या दिवसाचं भाडं, कधी कधी पूर्ण दिवसाचंही लावतात. ते टाळायचं असेल तर पहिल्या दिवशी खोलीवर जाऊच नका. सीएसएमटीला प्रतीक्षालयात तोंड-हात धुवा, कपडे बदला आणि बॅगा क्लोकरूममध्ये ठेवा. पण बॅगेला कुलूप हवं. कुलूप नसलेली बॅग, तोंड बांधलेली पिशवी, दोरीचं गाठोडं घेत नाहीत. सांगलीतून निघतानाच पन्नास रुपयांचं छोटं कुलूप घेऊन ठेवा. स्टेशनबाहेर तेच दुप्पट भावानं पडतं. गाडीचं तिकीट आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधारकार्ड जवळ ठेवा, हॉटेलातही ते लागतंच.

स्टेशनाबाहेर आलात की लगेच पळू नका. रस्ता ओलांडून वळा आणि मागं बघा. ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, २००४ पासून जागतिक वारसा आहे, आणि रोज लाखो माणसं तिच्याकडं मान वर न करता आत-बाहेर करतात. समोरच कॅपिटॉल इमारतीत ‘आराम’चा वडापाव आहे. इराणी चहा आणि बन-मस्का हवा असेल तर धोबीतलावला ‘कयानी’, १९०४ पासूनचं. मग दादाभाई नौरोजी रस्त्यानं सरळ चालत हुतात्मा चौक, काळा घोडा, गेटवे. रमतगमत अर्धा-पाऊण तास. हा रस्ता टॅक्सीत बसून बघायचा नाही.

घारापुरीला जायचं असेल तर गेटवेहून सकाळी नऊच्या सुमाराची पहिली बोट धरा. जायला एक तास, यायला एक तास, धक्क्यापासून लेण्यापर्यंत चालणं, १२० च्या आसपास पायऱ्या, आणि वर दीड तास तरी हवाच. म्हणजे पाच तास गेले. दुपारी निघालात तर परतीच्या बोटीकडं डोळे लावून त्रिमूर्ती बघावी लागते, आणि जवळपास वीस फुटांचं ते शिल्प घाईनं बघायचं नाही. बोटीला माणशी तीनशे रुपये धरून चला, लेण्याचं तिकीट वेगळं. बोटीत बसल्या बसल्या लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. वर माकडं आहेत. हातात दिसणारी भडंगाची पिशवी आणि सरबताची बाटली ती नेणारच, तेव्हा खाणं पाठीवरच्या पिशवीत चेन लावून ठेवा. गुडघ्यांचा त्रास असणारं कुणी बरोबर असेल, किंवा पावसाळा असेल, तर घारापुरी सोडा. समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि तुमची सकाळ धक्क्यावर जाते. त्याऐवजी गेटवेपासून पाच-सात मिनिटांवरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं. तीन तास सहज जातात, आणि बसायला बाकं आहेत. दोन्ही करू म्हणाल तर होतं, पण मुलं चार वाजता कुरकुरायला लागतात.

संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात चर्चगेट किंवा सीएसएमटीहून उत्तरेकडं जाणारी लोकल पकडायची नाही. अख्ख्या दक्षिण मुंबईतली कचेरी त्या तीन तासांत घरी निघते. तुम्ही मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा. सूर्य बुडाला की चालत गिरगाव चौपाटी, तिथं भेळ किंवा गिरगावात जेवण. मग क्लोकरूममधून बॅगा घेऊन नऊनंतर दादर.

जाण्यासाठी आता दोन पर्याय आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो तीन पूर्ण सुरू झाली, कफ परेडपासून आरेपर्यंत. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर ही सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत, म्हणजे आपला दोन दिवसांचा बेत जवळजवळ तिच्याच रुळावर. तिकीट १० ते ७० रुपये. जिने सरकते, गाडी गार, ज्येष्ठांना उत्तम. मात्र खाली फोनला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळं मोबाइलवरचं तिकीट वर असतानाच काढा.

दुसरा पर्याय लोकल, आणि मुलांना एकदा तरी त्यातून न्यावंच. इंडिकेटर वाचायला शिका: गाडी शेवटी कुठं जाणार, किती वाजता, जलद की धीमी, बारा डब्यांची की पंधरा. आपल्याला जलद-धीमी दोन्ही चालतात, कारण सीएसएमटीहून सुटणाऱ्या हार्बर मार्गाच्या गाड्या सोडल्या तर दादरला सगळ्या थांबतात. पण प्रभादेवी, परळ, माटुंगा इथं जलद थांबत नाही. गाडी रिकामी दिसली म्हणून समोरच्या डब्यात चढू नका, तो फर्स्ट क्लास असू शकतो. सेकंडच्या तिकिटावर त्यात सापडलात तर दंड किमान २५० रुपये आणि वर भाडं. एसी लोकललाही साधं तिकीट चालत नाही. पाठपिशवी पाठीवर नाही, पोटावर घ्यायची. उतरायचं स्टेशन यायच्या आधीच दाराकडं सरका आणि पुढच्याला विचारा, ‘दादर का?’ तो मान हलवेल, मग त्याच्या मागं निवांत उभं राहायचं. मेट्रो असो की लोकल, घरातून निघतानाच एक नियम सगळ्यांना सांगून ठेवा. चुकामूक झाली तर पुढं गेलेल्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून जागचं हलायचं नाही. मागं राहिलेल्यानं पुढच्या गाडीनं तिथं यायचं. दोघंही शोधायला निघाले की तास गेला.

दादर माहीत असलेल्या जुन्या मंडळींसाठी: तिथल्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ पासून सलग झालेत. १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. ‘मध्यचा एक नंबर’ वगैरे आता विसरा.

शनिवारी पहाटे उठायची तयारी असेल तर दादर पश्चिमेचा फूलबाजार बघा, तिथून सिद्धिविनायक. सकाळी आठच्या आत दर्शन झालं तर रांग सोसवते. नाष्ट्याला शिवाजी पार्कजवळचं ‘प्रकाश’, साबुदाणा वडा आणि पीयूष, किंवा ‘आस्वाद’. मिसळ मागवलीत तर तिखटाची अपेक्षा कमी ठेवा, सांगलीकरांना ती गोडच लागणार. रिक्षा शोधू नका. दादर, परळ, फोर्ट या भागात रिक्षा नाहीतच, त्या वांद्रे आणि सायनच्या पलीकडं. इथं काळी-पिवळी टॅक्सी, मीटरचं किमान भाडं ३१ रुपये. बेस्टची साधी बस १० रुपयांपासून.

लहान मुलं असतील तर पुढं भायखळ्याची राणीची बाग आणि पेंग्विन. नसतील तर थेट खरेदी. खरेदी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण क्रॉफर्ड मार्केट आणि मंगलदास मार्केट सीएसएमटीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहेत; पिशव्या घेऊन लोकलमध्ये चढावं लागत नाही. मंगलदासमध्ये कापड घेताना मीटरचा भाव ऐकून हुरळू नका, आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. छत्तीस इंची पन्ह्याचं कापड स्वस्त वाटतं, पण त्यात ड्रेसला मीटरभर जास्त लागतं आणि हिशोब उलटा बसतो. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो, म्हणून ठाण दाराशी आणून बघा; दुकानदार कुरकुर करत नाहीत. क्रॉफर्डमध्ये सुकामेवा चांगला मिळतो. फक्त बेदाणा घेऊ नका. तो तासगावचाच असायचा, आणि तुम्ही तो जास्त पैसे देऊन घरी परत आणाल.

परतीची महालक्ष्मी सीएसएमटीहून रात्री आठ-साडेआठच्या सुमारास सुटते. नेमकी वेळ तिकिटावर बघा आणि तासभर आधी पोचा. लांब पल्ल्याच्या गाड्या आठ नंबरच्या पुढच्या फलाटांवर लागतात, एक ते सात लोकलचे. सांगली-मिरजेच्या मंडळींना उजाडताना जाग आली तरी चालतं. सातारकरांनी मात्र मोबाइलला गजर लावून झोपावं, कारण गाडी अपरात्री पोचते. शिवाय साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावापासून पाच-सहा किलोमीटर लांब. त्या वेळी रिक्षा मिळेलच याचा भरवसा नाही, तेव्हा ओळखीच्या रिक्षावाल्याला गुरुवारी जातानाच सांगून ठेवा, आणि गाडीला उशीर झाला तर कळवायला त्याचा नंबर घ्या.

नमस्कार.