रिंगमधे मुधोळ मागं का पडतो?

बेळगावात डॉग शो असला की खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज सगळीकडनं लोक येतात, कुत्रा मागच्या सीटवर, पोरं दाटीवाटीनं पुढं, आणि दिवस संपताना कप बहुतेक वेळा जर्मन शेफर्ड, डोबरमन नाहीतर कुठल्यातरी केसाळ परदेशी कुत्र्याचा. मग परतीच्या वाटेवर चर्चा एकच, आपल्या मुधोळला, म्हणजे आपल्या देशी शिकारी कुत्र्याला, का नाही वो देत? जजला देशी कुत्रं कळत नाही, सगळं सेटिंग असतंय, वगैरे वगैरे.

सेटिंग कुठं नसतं, ते सोडा. पण मुळात शो म्हणजे ताकदीची किंवा हुशारीची परीक्षाच नाही. प्रत्येक जातीचं एक स्टँडर्ड लिहिलेलं असतंय, उंची किती, डोळा कसा, कान कुठं बसलेला, शेपटी कशी. जज समोरचं कुत्रं त्या कागदाशी ताडून बघतो. फायनलला डोबरमन आणि पामेरियन शेजारी-शेजारी उभे असतात तेव्हाही प्रश्न हाच की आपापल्या कागदाच्या जास्त जवळ कोण.

आता ही रिंग बघा. हँडलरनं, म्हणजे कुत्रं रिंगमधे दाखवणाऱ्या माणसानं, चारी पाय एकेक करून जागेवर ठेवलेत, ह्याला स्टॅक म्हणतात. जज येतो, ओठ वर करून दात बघतो, मग मान, खांदा, पाठ, मांडी असा हात फिरवत जातो, नर असला तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का तेही चाचपतो. मग पळवायला सांगतो, पुढनं बघतो, मागनं बघतो, बाजूनं बघतो. सगळा खेळ काही मिनिटांचा. एवढ्यात अनोळखी माणसानं अंगभर हात लावला तरी जो मान ताठ ठेवून, शेपटी वर करून ‘बघा की माझ्याकडं’ म्हणत उभा राहतो, त्याचं निम्मं काम तिथंच झालं.

टेरियर जातीची कुत्री ह्यात उस्ताद. न्यूयॉर्कचा वेस्टमिन्स्टर शो १८७७ पासून चालू आहे, तिथं बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्या जातींतनं एकाच कुत्र्याला मिळणारं पहिलं बक्षीस, द्यायला लागले १९०७ ला, आणि पहिली तिन्ही वर्षं एकाच फॉक्स टेरियर मादीनं ते नेलं. वायर फॉक्स टेरियर, म्हणजे राठ केसांचा फॉक्स टेरियर, ह्यानं तर ते आजवर १५ वेळा जिंकलंय. स्वभाव मुळातच भांडखोर, रिंगमधे दुसरा कुत्रा दिसला की आणखी ताठ होतो. आणि केस! त्याचे राठ केस कात्रीनं कापत नाहीत, चिमटीत धरून थोडेथोडे उपटतात, कारण कात्री लावली की केस मऊ पडतात, रंगही फिका होतो. आठवडेच्या आठवडे हे चालतं. केस हातात असले की आकारही हातात, पाय बारीक वाटला तर तिथं केस भरगच्च ठेवायचे, पाठ वाकडी दिसली तर तिथलं सरळ करून घ्यायचं. वर पगारी हँडलर, दर आठवड्याला नवा शो, मासिकात जाहिराती. पैसा लागतो बाबा, खोटं कशाला बोला.

उलटं उदाहरण लॅब्राडोरचं. अमेरिकेत १९९१ पासून सलग ३१ वर्षं रजिस्ट्रेशनमधे एक नंबर, पण वेस्टमिन्स्टरला बेस्ट इन शो एकदाही नाही. गोल्डन रिट्रीव्हरचंही तेच. घरात सगळ्यांना हवाहवासा कुत्रा, पण रिंगमधे रुबाब करायचा तर तो शेपूट हलवत जजच्या खिशात काय आहे ते हुंगणार. हे माझं मत हां.

आता आपला मुधोळ. घटप्रभेच्या काठावरचं घोरपड्यांचं संस्थान, त्यांनी ही जात सांभाळली, २००५ ला पोस्टाच्या तिकिटावर आली, पुढं लष्करानंही ट्रायलसाठी नेली. पण अंगावर केस इतके बारीक की लपवायला जागाच नाही, बरगडी, कोपर, कंबर सगळं उघडं. आणि मुख्य म्हणजे स्वभाव, परक्यानं हात लावलेला ह्याला खपत नाही. जजचा हात पाठीवर आला की अंग चोरतो, शेपटी पायात, झालं, गेला पॉइंट. भित्रा नाही वो तो, पण शेतावर चार माणसांत वाढलेल्या कुत्र्याला अनोळखी हात माहीत कुठनं असणार? ज्यांना शो करायचाय ते पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासनं येणाऱ्या-जाणाऱ्याकडनं दात बघून घेतात, टेबलावर उभं करतात.

मुधोळ पाळणारे जुने लोक ह्यावर हसतात. म्हणतात, शोच्या नादात जर्मन शेफर्डची पाठ मागं उतरती करून ठेवली, आमच्याचं तसं नको, आमचं कुत्रं पळण्यात बघा. बरोबर आहे, पण पळण्याचंही आता काय झालंय? सशाची शिकार कायद्यानं बंद, राहिल्या जत्रेतल्या शर्यती, आणि तिथं स्पीड हवा म्हणून बरेचजण मुधोळवर ग्रेहाऊंड, म्हणजे परदेशी शर्यतीचं कुत्रं, लावतात. पिल्लू पळतं जोरात, नाव मुधोळच सांगतात, विकतातही त्याच नावानं. शर्यतीत बाप कोण हे कुणी विचारत नाही. रिंगमधे निदान स्टँडर्डचा तो कागद काढून बघतात, आणि तिम्मापूरच्या सरकारी केंद्रातही शुद्ध जातीचीच पैदास करायचा प्रयत्न चालू आहे, पण वाडीवस्तीवर जन्मलेल्या पिल्लाचे आई-बाप वहीत लिहून ठेवणारा ब्रीडर शोधायला गेलात तर अजून दारोदार हिंडावं लागतंय.