मेलेला माणूस उठतो का?

नमस्कार श्रोतेहो! आज खेळाबद्दल बोलायचं आहे. पोरंसोरं गल्लीत जे खेळतात, त्याचा स्पर्धेतला खेळ कसा झाला, त्याबद्दल. त्याला दोन गोष्टी लागल्या, मोकळा वेळ आणि कागदावरचा नियम. वेळ दिला बदलत्या समाजाने, कागद दिला शाळेने. एवढं ध्यानात ठेवा. आता आखाजीची, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय तृतीयेची गोष्ट सांगतो.

साल १९६४ असेल. मी पाचवीत होतो. आमचं गाव तापीच्या अमळनेरकडच्या काठाला, पलीकडे चोपडा तालुका. आखाजीला काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. लिंबाला झोके, माहेरी आलेल्या पोरी, पुरणपोळी अन् आंब्याचा रस, पारावर पत्ते. पण हल्लीच्या पोरांना एक गोष्ट ठाऊक नसते. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपायचं. वर्षभर मोटेवर, नांगरावर राबलेला माणूस तो एक दिवस कुणाचाच नसायचा. आणि मोकळा झाला की तापीच्या वाळूत हुतुतू, म्हणजे आजची कबड्डी!

आमच्याकडच्या सालदाराला आम्ही पोरं नाना म्हणायचो. दमाचा गडी. समोरच्या शेवटच्या रेघेपर्यंत जाऊन निवांत परत यायचा. त्या वर्षी पलीकडच्या गावाशी सामना ठरला. चुलीतल्या राखेने रेघा आखल्या. इकडे अकरा, तिकडे अकरा. नानाने पहिल्याच दमात त्यांचे दोन गडी मारले. ते काठावर जाऊन बसले, बिड्या पेटवल्या. थोड्या वेळाने आमचा एक मेला, तसा त्यांच्यातल्या एकाने बिडी विझवली, उठला, आणि सरळ रेघेच्या आत येऊन उभा राहिला!

माझा मोठा भाऊ ओरडला, "मरेल मानूस उठस का कधी?"

पलीकडून उत्तर आलं, "आमना गावमा उठस!"

झालं. श्रोतेहो, मेलेला परत उठतो तो संजीवनी हुतुतू. मेला की डाव संपेपर्यंत बाहेर, ती गामिनी. मेला तरी खेळतच राहतो, तो अमर. महाराष्ट्रात हे तिन्ही प्रकार चालायचे. आम्ही गामिनीवाले, ते संजीवनीवाले. मधे गुडघाभर पाण्याची धार, पण अलीकडे मेलेला मेला आणि पलीकडे मेलेला जिवंत! तासभर भांडण चाललं. झोक्यावरच्या पोरी काठावर आल्या, आणि आखाजीच्या पोरींचं तोंड तुम्हाला माहीत आहे. दोन्ही गावांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

शेवटी कुणीतरी शाळेच्या गुरुजींना बोलावून आणलं. ते खाकी कव्हर घातलेली नियमांची पुस्तिका घेऊन आले आणि वाळूत उकिडवे बसून वाचू लागले. संघात सात गडी. वीस मिनिटांचा एक डाव, असे दोन. आणि मेलेला उठतो. पलीकडच्यांनी आरोळी ठोकली. नानाला अक्षरओळख नव्हती. तो म्हणाला, "गुरुजी, परत वाचा." तीनदा वाचायला लावलं. मग बोटं मोजून त्याने अकरातले चार कमी करायला घेतले. पहिलं नाव माझ्या भावाचं. मालकाच्या पोराचं! "भाऊ, तुम्ही बसा," एवढंच म्हणाला. एरवी आमच्या ओट्यावरसुद्धा न बसणारा माणूस. आणि भाऊ मुकाट्याने बाहेर जाऊन बसला. पुस्तकातच सात लिहिले होते ना.

ही भानगड काही खानदेशातलीच नाही बरं का. इंग्लंडात ईटन, रग्बी अशा शाळांमध्ये फुटबॉल होता, पण प्रत्येक शाळेचा वेगळा. कुठे चेंडू हातात धरून पळायचं, कुठे हात लावला की बोंबाबोंब. ही पोरं केंब्रिजला एकत्र आली आणि भांडू लागली. म्हणून १८४८ साली त्यांनी एकत्र बसून नियम लिहिले. पुढे १८६३ साली लंडनला फुटबॉल असोसिएशन झाली. म्हणजे त्यांनाही 'आमना गावमा उठस'च नडलं होतं!

हा झाला कागद. आता वेळ. अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना हे लगेच कळेल. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायकापोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. ती गेल्यावर गिरणी काय एकट्या पुरुषांवर चालणार? तेही सुटले, आणि मैदानं भरू लागली. वेळ आणि कागद, श्रोतेहो, वेळ आणि कागद.

आणि आपल्याकडे? शाळेतला पीटीचा तास गणिताला दान! राहिलेल्या मैदानात पेव्हर ब्लॉक. पोरगं पडलं तर गुडघा फुटेल की नाही? असो.

नियम सगळ्यांना सारखा असला तरी माणसं सारखी वागतातच असं नाही. पाळवणकर बाळू हे दलित समाजातले मोठे गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हिलियनच्या बाहेर मिळायचा. मुंबईत तेव्हा धर्मावर संघ पाडून क्रिकेटची स्पर्धा व्हायची, त्यातल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाहीच. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं. आणि काठावर उभ्या राहून भांडणाऱ्या त्या पोरी? त्यांना खेळायला बोलवावं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्याही नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, तेव्हा मला त्या काठावरच्या पोरी आठवल्या.

हां, नानाचं राहिलंच. पुढच्या आखाजीला गुडघाभर पाणी तुडवत पलीकडचा संघ आला, आणि त्यात नाना! दोन पोती ज्वारी जास्त मिळाली म्हणून त्याने त्या गावात साल धरलं होतं. आमची माणसं ओरडली, "हा आमचा गडी आहे!" गुरुजींनी पुस्तिकेची पानं उलटून पाहिली. साल संपलेला सालदार कुणाकडून खेळतो, हे काही त्यात सापडेना. आता प्रो कबड्डीत गड्यांचे लिलाव होतात, तेव्हा कुठले? पोरांनी वाद घालावा तेवढा घातला. नाना मात्र रेघेवर वाकून दम भरत होता. हुतुतू म्हणत तो आत आला आणि पहिला हात लावला माझ्या भावाला.

भाऊ जाऊन काठावर बसला, उठायची वाट बघत.