सात मुद्द्यांचा कागद

(दृश्य: पहाटे साडेपाच. सदाशिव पेठेतली अरुंद गल्ली. अर्धवट वर गेलेलं शटर, आत ट्यूबलाइट.)

सदाशिव पेठेत पहाटे सगळ्यात आधी उघडतं ते अभ्यासिकेचं शटर. चहावाल्याचा स्टोव्ह त्याच्यानंतर पेटतो.

आत प्रत्येक टेबलावर एकच देखावा. बालभारतीची पाचवी ते बारावीची पुस्तकं, राज्यघटनेचा ठोकळा, चालू घडामोडींची मासिकं, क्लासच्या झेरॉक्स नोट्स. रचून रचून भिंत झालेली. त्या भिंतीआड डोकं घालून बसलेली स्पर्धा परीक्षेची मुलं. कुणी लातूरचं, कुणी नंदुरबारचं, कुणी सांगोल्याचं. कॉट बेसिसवर राहायचं, मेसला जेवायचं आणि ‘यंदा पोस्ट काढायचीच’ असं घरी फोनवर सांगायचं.

खिडकीपाशी हिंगोलीकडची एक मुलगी बसते. कृषी पदवीधर, तिसरा अ‍ॅटेम्प्ट. तिच्या टेबलावर पुस्तकं कमी आहेत. समोर भिंतीला मात्र एक कागद चिकटवलाय. घडीवर फाटलेला, सेलोटेपनं जोडलेला.

(दृश्य: कागद जवळून. पेन्सिलीच्या खुणा.)

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे एमपीएससीच्या, राज्यसेवा पूर्व परीक्षेचा हा अभ्यासक्रम. सामान्य अध्ययन, पेपर एक. शंभर प्रश्न, दोनशे गुण, चुकलेल्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण वजा. आणि अभ्यासक्रम किती? सात मुद्दे. मोठ्यानं वाचायला मिनिटभरही लागत नाही.

खरं सांगायचं तर हा कागद मी स्वतः पहिल्या अ‍ॅटेम्प्टला पाहिलाच नव्हता. ज्या क्लासला जायचो तिथं पहिल्याच दिवशी हातात नोट्सचा गठ्ठा पडला. त्यात सगळं असणार, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. महिनाभर मी मौर्यांची वंशावळ पाठ करत होतो. आयोग नक्की काय मागतोय, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

या मुलीनं एक साधी गोष्ट केली. केंद्राच्या यूपीएससीचा पूर्व परीक्षेचा अभ्यासक्रम आणि राज्याचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे सातच मुद्दे, जवळजवळ सारखेच. केंद्राच्या कागदावर भारताचा इतिहास आणि राष्ट्रीय चळवळ. राज्याच्या कागदावरही तेच, फक्त मध्ये एक कंस: ‘महाराष्ट्राच्या विशेष संदर्भासह’. भूगोलात केंद्राचा क्रम भारत आणि जग. आपल्याकडे महाराष्ट्र आधी, मग भारत, मग जग.

त्या कंसाखाली तिनं लाल पेनानं दोन रेघा ओढल्यात.

दिल्लीहून आलेल्या ठोकळ्यात १८७३ चा सत्यशोधक समाज दोन ओळींत संपतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्यापासून सावकारांविरुद्ध भडकलेला शेतकऱ्यांचा उठाव एका ओळीत. साताऱ्याचं प्रतिसरकार कधी कधी नुसतं नावापुरतं. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, यांचंही तसंच. ठोकळ्याचं चुकत नाही म्हणा, तो दुसऱ्या परीक्षेसाठी लिहिलेला असतो. चूक आपली. आपण तोच ठोकळा तीनदा वाचतो आणि मग म्हणतो, आयोगानं बाहेरचं विचारलं.

(दृश्य: अप्पा बळवंत चौक. दुकानाबाहेर रचलेली पुस्तकं, खांद्याला सॅक लावलेली गर्दी.)

अप्पा बळवंत चौकात पाय ठेवला की अभ्यासक्रम विसरायला होतो. प्रत्येक पुस्तकावर ‘नव्या अभ्यासक्रमानुसार’ असं छापलेलंच असतं. तो अभ्यासक्रम स्वतः काढून ताडून बघणारे किती, हे विचारायची सोय नाही.

आता याच कागदावरचे दोन शब्द घ्या: पंचायत राज. राज्यपद्धती आणि प्रशासनाच्या मुद्द्यात, राज्यघटना आणि नागरी प्रशासनाच्या मध्ये ते बसलेत. दिसायला दोनच. पण उलगडायला गेलं, तर १९५७ ची बलवंतराय मेहता समिती येते. मग १९६० ची वसंतराव नाईक समिती, तिच्यावरून झालेला १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा, १ मे १९६२ ला अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा. गावपातळीला १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. मग त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, आणि अकराव्या अनुसूचीतले एकोणतीस विषय.

एवढं वाचायचं कुठं थांबवायचं? तिचं उत्तर सरळ आहे. आयोग जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर टाकतो. ती प्रत्येक प्रश्न घेते आणि सात मुद्द्यांपैकी कुठल्या मुद्द्यातून आला त्याचा आकडा शेजारी लिहिते. एका वहीत सात पानं, प्रत्येक पान एका मुद्द्याचं. कुठलं पान भरतंय, कुठलं कोरं राहतंय, ते दिसत जातं. पंचायत राजच्या पानावर समित्या आणि कलमं पुन्हा पुन्हा आलीत. मग ती समित्या आणि कलमं पक्की करते. बाकीचं एकदा नजरेखालून घालते, बस्स.

पर्यावरणाचा मुद्दा तर आणखी गमतीचा. परिस्थितिकी, जैवविविधता, हवामान बदल एवढं लिहून आयोगानंच पुढं जोडलंय, की यासाठी विषयाचं विशेष ज्ञान लागणार नाही. तरी शेजारच्या टेबलावरचा मुलगा एम.एस्सी.ची पुस्तकं घेऊन बसलाय. सी-सॅटच्या, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या आकलन-गणिताच्या दुसऱ्या पेपरातही अंकगणितापुढं ‘दहावीचा स्तर’ असं स्पष्ट लिहिलंय. तो पेपर आता तेहतीस टक्क्यांपुरता पात्रतेचा. तरीही कला शाखेची कित्येक मुलं त्याच्या धास्तीनं महिनोन्‌महिने झोप घालवतात आणि दहावीचं गणिताचं पुस्तक मात्र उघडत नाहीत.

(दृश्य: मोर्चाची जुनी छायाचित्रं. हातात फलक, रस्त्यावर बसलेली मुलं.)

अभ्यासक्रम म्हणजे नुसता कागद, असं वाटत असेल तर २०२३ ची सुरुवात आठवा. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं आणि पुण्यात शेकडो मुलं रस्त्यावर उतरली. वर्षानुवर्षं बहुपर्यायी प्रश्नांच्या अंगानं केलेला अभ्यास एकदम कसा वळवायचा, हा त्यांचा सवाल होता. शेवटी नवी पद्धत २०२५ पासून, असं आयोगानं जाहीर केलं.

आधीची मुख्य परीक्षा सहा पेपर, आठशे गुणांची. अभ्यासक्रम लांबलचक, कोणते कायदे वाचायचे त्यांची नावंसुद्धा त्यात होती. आता नऊ पेपर. भाषेचे दोन पात्रतेपुरते, बाकीच्यांचे मिळून १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. निबंध आला, वैकल्पिक विषय आला, नीतिशास्त्राचा अख्खा पेपर आला. आता उत्तर लिहायचं, आणि तेही मांडणी करून. जुन्या वह्या रद्दीत गेल्या. काहींनी त्या जपून ठेवल्यात, का ते त्यांनाच माहीत.

(दृश्य: रात्रीचे अकरा. अभ्यासिकेत चार-पाच दिवे. तोच कागद.)

या मुलीनं मुख्य परीक्षेचा नवा अभ्यासक्रमही छापून आणलाय, पण भिंतीवर लावलेला नाही. तो फाइलमध्ये आहे. आधी पूर्व, म्हणते.

कागदावरचा कुठला शब्द जास्त त्रास देतो, असं मी तिला विचारलं. मला वाटलं अर्थव्यवस्था म्हणेल, नाहीतर सामान्य विज्ञान.

तिनं पेन्सिल उचलली आणि मुद्द्यांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका शब्दावर टेकवली. इत्यादी.

त्या शब्दाभोवतीचा समास बारीक अक्षरांनी भरलाय. जुन्या प्रश्नपत्रिकांत जे जे आलं आणि कुठल्याच नेमक्या शब्दात बसलं नाही, ते सगळं तिथं. खाली दोन बोटं जागा तिनं मोकळी ठेवलीय. पुढच्या पेपरसाठी.