द्राक्षबागांतून गेलेली सरहद्द

श्रोतेहो, नमस्कार. आज जाऊया इटलीच्या ईशान्य टोकाला. गोरित्सिया शहराच्या वरच्या अंगाला बुटक्या टेकड्यांचा पट्टा आहे. अर्धा इटलीत, त्याचं नाव कोल्लिओ; अर्धा स्लोव्हेनियात, तो ब्र्दा. खडक दोन्हीकडे एकच, उघड्यावर पडला की भुगा होणारा, आणि द्राक्षवेलींना तो भारी मानवतो. उतारांवर पायऱ्या पाडून बागा लावल्यात, मधूनमधून चेरीची झाडं.

१९१०च्या सुमारास इथं जन्मलेला माणूस धरा. जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीत. मग पहिलं महायुद्ध. शेजारच्या सोचा नदीकाठी बारा लढाया झाल्या, ओस्लाविया गाव बेचिराख झालं. त्यानंतर इटलीचं राज्य. मुसोलिनीच्या काळात शाळांतून स्लोव्हेन भाषा गेली, लोकांची आडनावंसुद्धा इटालियन करून टाकली. १९४७ला बराचसा भाग युगोस्लाव्हियात गेला, आणि १९९१ला स्लोव्हेनिया झाला. गडी आपला त्याच घरात!

खरा जाच १९४७च्या रेषेचा. कुणाचं घर अलीकडे, बाग पलीकडे. पुढे १९५५च्या करारानं सीमेलगतच्या लोकांना पास मिळाले. पास दाखवायचा आणि स्वतःच्याच वेलींची छाटणी करायला जायचं. गोरित्सियाचा हक्काचा बाजारही इटलीत राहिला. युगोस्लाव्हियानं सीमेला खेटून नोवा गोरित्सा हे नवं शहर वसवलं खरं, पण ब्र्दातून तिथं जायचं तर डोंगराला भलामोठा वळसा. शेवटी दोन्ही देशांत झालेल्या १९७५च्या ओझिमोच्या तहानुसार इटलीनं आपल्या हद्दीतून रस्ता काढू दिला. तो १९८५ला सुरू झाला. दोन्ही बाजूंना कुंपण, मधे कुठं उतरायची सोय नाही. परदेशातून जायचं, पण परदेशात पाय ठेवायचा नाही! सरकारी डोक्यांना दाद द्यावी, ती इथं.

इथलं खास द्राक्ष एकच, स्लोव्हेनियात त्याचं नाव रेबुला, इटलीत रिबोल्ला जाल्ला. द्राक्ष पांढरं, पण सालीसकट आंबवलं की वाईन केशरी दिसते. ही जुनीच रीत. ओस्लावियाचे वाईन बनवणारे योश्को ग्राव्नर यांनी त्यासाठी थेट जॉर्जियातून मातीचे रांजण आणून जमिनीत पुरले. ते इटलीचे नागरिक, पण समाजानं स्लोव्हेन.

डिसेंबर २००७मध्ये तपासणी नाके उठले. २०२५मध्ये गोरित्सिया आणि नोवा गोरित्सा मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. बाटल्यांवर मात्र अजून कोल्लिओ वेगळं, ब्र्दा वेगळं. दोन्हीकडच्या बागाईतदारांनी एकच नाव लावायला काय हरकत आहे, असं मला तरी वाटतं. पण लेबलाचे कायदे शेवटी राजधान्यांत ठरतात.