हाताला न लागणारी गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

फुप्फुसातली कर्करोगाची गाठ सीटी स्कॅनवर स्पष्ट दिसलेली असते. मग ऑपरेशनच्या वेळी ती शोधावी का लागते? कारण स्कॅन काढताना रुग्णाने छाती भरून श्वास रोखलेला असतो. टेबलावर मात्र भूलतज्ज्ञ एकाच फुप्फुसावर श्वास चालू ठेवतात आणि ऑपरेशनच्या बाजूचं फुप्फुस मिटवतात. हवा गेलेलं फुप्फुस पिळलेल्या स्पंजासारखं गोळा होतं. स्कॅनमधली जागा मग कुठल्या कुठे सरकते.

पूर्वी छाती उघडायचे. सर्जन फुप्फुस बोटांत धरून चाचपायचे. कडक लागलं की गाठ सापडली. आता बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून दुर्बिणीने काम होतं. रुग्णाचं दुखणं कमी झालं, पण सर्जनचा हात बाहेर राहिला. त्यातच हल्ली स्कॅनवर धुक्यासारख्या पुसट, मऊ गाठीही पकडल्या जातात. त्या बोटालासुद्धा लागत नाहीत.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ फिलिप लो यांनी इथे एक युक्ती केली. फुप्फुसाच्या बऱ्याच कर्करोगांत पेशींवर फोलेट हे जीवनसत्त्व धरून ठेवणारी प्रथिनं भरमसाट असतात. लो यांनी फोलेटसारख्या रेणूला चमकणारा रंग जोडला. पेशी त्याला फोलेट समजते आणि आत ओढून घेते. हे औषध म्हणजे पॅफोलासियानिन. अमेरिकेत 2021 मध्ये ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं, डिसेंबर 2022 मध्ये फुप्फुसासाठी. ऑपरेशनच्या 1 ते 24 तास आधी ते सलाइनसारखं शिरेतून देतात. त्याआधीचे दोन दिवस फॉलिक ॲसिडच्या गोळ्या टाळायच्या, नाहीतर त्याच जागा त्या अडवून बसतील.

त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो अवरक्त असतो. खास कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर गाठ चमकू लागते. अमेरिकेतल्या चाचणीत 100 रुग्णांवर हा कॅमेरा वापरला. त्यातल्या 19 जणांत साध्या उजेडात न सापडलेली मुख्य गाठ यामुळे सापडली, आणि 8 जणांत कुणाच्या ध्यानीमनी नसलेली दुसरी कर्करोगाची गाठ हाती लागली.

आकडे चांगले आहेत, पण मला हुरळून जावंसं वाटत नाही. खोलवरच्या गाठीचा प्रकाश पृष्ठभागापर्यंत येतच नाही. शिवाय सूज असलेल्या जागी जमणाऱ्या काही पेशीही फोलेट पकडतात. क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात ही बाब किरकोळ नाही. चमकलं ते कर्करोगच, असं धरून चालणार नाही. निर्णय पॅथॉलॉजिस्टचाच.

आपल्याकडे मला जास्त जवळचा वाटतो तो जुना, स्वस्त रंग: इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत तो 1959 पासून मंजूर आहे आणि आपल्या मदुराईतही बनतो. लहान गाठीसाठी फुप्फुसाचा अख्खा खंड न काढता त्याचा एक भागच काढायचा असतो, तेव्हा सीमा नेमकी कुठे? सर्जन त्या भागाची रक्तवाहिनी बांधतात आणि हा रंग शिरेतून देतात. अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यात उरलेलं फुप्फुस उजळतं, काढायचा भाग काळा राहतो. हे थोडा वेळच टिकतं, म्हणून तेवढ्यात कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, सीमेवर खुणा करून घ्यायच्या, आणि मग कापायला सुरुवात.

नमस्कार.