हरणं नंतर, आधी झाड बघा

[पहाट, ड्रोन, धुकं. पहिले १० सेकंद फक्त पक्ष्यांचे आवाज]

हा टेक्सासचा हिल कंट्री भाग. ऑस्टिनहून पश्चिमेकडे दीडएक तास गाडी हाणली की लॅनो काउंटी लागते, आणि लॅनो स्वतःला टेक्सासची हरणांची राजधानी म्हणवतं. ती बघा, शेपटीचा पांढरा झुपका वर करून पळाली ती व्हाइटटेल. टेक्सासमधली जवळजवळ ९५ टक्के जमीन खाजगी आहे, त्यामुळे इथे हरणांचं काय करायचं ते सरकारच्या वन्यजीव खात्याला एकट्याने ठरवून जमतच नाही, ते ठरतं अशा रँचवर, म्हणजे मोठ्या खाजगी कुरणांवर. जमीन मालकाची, पण तिच्यावर चरणारं व्हाइटटेल मालकाचं नाही बरं का, कायद्याने ते टेक्सासच्या जनतेचं.

[लाइव्ह ओक, जवळून]

आता हरणं सोडा, हे झाड बघा. वरती हिरवंगार आणि खालून माणसाच्या छातीपर्यंत एक पान नाही, कोणीतरी कात्री घेऊन सरळ रेषेत कापल्यासारखं. हरणाचं तोंड जिथवर पोचतं तिथवर सगळं ओरबाडलेलं. याला इथे ब्राउझ लाइन म्हणतात. ही रेघ दिसली की समजायचं, खाणारी तोंडं वाढलीत आणि रान पुरत नाहीये. आणि खाली जमिनीवर बघा, स्पॅनिश ओकची म्हातारी झाडं उभी आहेत पण त्यांचं एक रोप नाही, कारण उगवलं की दुसऱ्या दिवशी खाल्लं.

हे असं झालं कसं? लांडगे कधीच मारून संपवलेले. मग राहिली होती ती स्क्रूवर्म नावाची माशी, ती जखमेत अंडी घालायची, नुकत्या जन्मलेल्या पाडसाच्या नाळेत अळ्या पडायच्या आणि पाडसं मरायची. १९६० च्या दशकात वांझ केलेल्या माश्या विमानातून सोडून सोडून ती माशी इथून हटवली. ते काम गुरांसाठी केलं होतं, गुरं वाचली, पण सोबत पाडसंही वाचली आणि हरणं वाढतच गेली.

[सीडर कापणारं मशीन, धूळ]

दुसरी अडचण ही. लोक या झाडाला सीडर म्हणतात, खरं तर जुनिपर आहे. पूर्वी वणवे लागायचे म्हणून ते कपारीत, उतारावर राहायचं, वणवे थांबले, गुरांनी गवत संपवलं आणि हे सगळीकडे पसरलं, हरीण ते अगदी नाइलाज झाला तरच खातं. म्हणून ते कापायचं, पण सरसकट नाही. उतारावरची जुनी झाडं ठेवायचीच, कारण गोल्डन-चीक्ड वॉर्बलर नावाचा इवलासा पक्षी त्याच झाडांच्या सालीच्या धाग्यांनी घरटं बांधतो, आणि तो जगात फक्त मध्य टेक्सासमध्ये घरटी करतो. कापलेल्या काटक्या बघा कशा ओकच्या रोपांवर टाकल्यात, फुकटचं कुंपण, हरणाला आत तोंड घालता येत नाही. मला विचाराल तर या रँचवरचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

[रात्र, पिकअप, टॉर्चचा झोत, चमकणारे डोळे]

ऑगस्ट-सप्टेंबरची मोजणी. ठरलेला रस्ता, ठरलेला वेग, एकजण गाडी चालवतो, दोघं मागे उभे राहून दोन्ही बाजूंना झोत टाकतात आणि एकजण लिहून घेतो, नर किती, माद्या किती, पाडसं किती. असं एका रात्रीत भागत नाही, पुन्हा पुन्हा तोच रस्ता फिरायचा. हा आकडा वन्यजीव खात्याच्या बायोलॉजिस्टकडे जातो आणि त्यावरून ठरतं की यंदा किती नर आणि किती माद्या मारायच्या. माद्या, हा शब्द मुद्दाम सांगतोय. शिकारीला येणाऱ्याला मोठी शिंगं हवी असतात, पण नुसते नर मारून संख्या कमी होत नाही, मादी दरवर्षी विते, बऱ्याचदा जुळी. म्हणून या रँचवर नियमच आहे, आधी मादी, आणि नर पाच वर्षांचा झाल्याशिवाय त्याच्यावर बंदूक उचलायची नाही.

[पिकअपच्या मागच्या फळक्यावर ओळीने जबडे]

वय कळतं ते इथून. दीड वर्षाचं असेल तर तिसरी दाढ अजून दुधाची, तीन उंचवट्यांची. पुढे जशी दाढ झिजते तसा आतला तपकिरी पट्टा रुंद होत जातो. प्रत्येक जबड्यासोबत वजन, तारीख, सगळं वहीत. वजन दरवर्षी घटत असेल तर रानात खायला नाही, सरळ हिशोब.

[संध्याकाळ, ठिपक्यांचा कळप]

आणि हे ओळखलंत ना? आपलं चितळ. ताडोबात बघतो तेच. १९३२ च्या सुमारास इथे शिकारीसाठी आणून सोडलं. चितळ पाला खातं, तण खातं, आणि ते संपलं की गवतावरही मजेत जगतं, व्हाइटटेलला नुसतं गवत पचत नाही. याच हिल कंट्रीत, केर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया या सरकारी वन्यजीव क्षेत्रात १९७१ साली ९६ एकरांच्या कुंपणात ६ व्हाइटटेल आणि पूर्व आशियातली ६ सिका हरणं सोडली होती, सिकाचंही खाणं चितळासारखंच. १९७९ पर्यंत सिका साठाच्या आसपास झाली आणि व्हाइटटेल एकही उरलं नाही. चितळ बाहेरून आणलेलं, म्हणून इथे त्याला शिकारीचा सीझन नाही, मर्यादा नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, मलाही नाही ऐकवलं, पण ती ओकची झाडं बघितल्यावर पटलं.

मारलेल्या हरणांचं जास्तीचं मांस गरजूंना वाटणाऱ्या संस्थांना दिलं जातं.

[जाळीचं कुंपण, चार वर्षं जुनं]

ही जाळी मालकांनी चार वर्षांपूर्वी लावली. आतलं रोप माझ्या कमरेला लागतंय. आता कॅमेरा बाहेर येईल.

[बाहेरची जमीन. निवेदन नाही]