सॅम्पल पास होईपर्यंतचा खर्च कोणी करायचा?

मंडळी, समोर कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलचे फाउंड्रीवाले, साच्यात धातू ओतून पार्ट करणारे, बसलेत, तेव्हा कास्टिंग म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. ऑइल इंजिनपासून ट्रॅक्टर-ट्रकच्या पार्टपर्यंत आपण काय ओतलंय ते तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते सरकारी पैशाबद्दल. संरक्षण खात्याच्या कामात लहान कारखानदार यावा म्हणून सरकार जो पैसा देतं, तो आपल्या नेमक्या अडचणीच्या जागी पोचतच नाही.

आपल्यातल्याच एका कारखानदाराची गोष्ट सांगतो. लष्करी गाडीखालचं एक स्टील कास्टिंग होतं, आधी सॅम्पल पास करून घ्यायचं होतं. ड्रॉइंग आलं, साचा पाडायचा पॅटर्न केला, भट्टीत धातू वितळवून हीट काढली, मशिनिंग झालं, मापं तंतोतंत बसली. आमच्याकडचे जुने मोल्डर बघून गेले, म्हणाले, असा माल रोज निघत नाही. पुढे आतले दोष शोधणारी रेडिओग्राफी आणि उणे तापमानात धातू धक्का सोसतो का ते बघणारी इम्पॅक्ट टेस्ट. जवळच्या लॅबला त्या टेस्टची मान्यता नाही, म्हणून तुकडे दुसऱ्या शहरात गेले आणि तिथे नंबर लागायची वाट बघत पडले. रिपोर्ट आला, उत्तम आला. तेव्हा संरक्षण खात्याचे तपासणीवाले म्हणाले, टेस्ट बारवर, म्हणजे चाचणीच्या तुकड्यावर, आमचा शिक्का लॅबमध्ये जायच्या आधी बसायला हवा होता, हे चालणार नाही. पुन्हा हीट, पुन्हा बार, पुन्हा लॅब. तेवढ्यात ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली आणि पॅटर्न बदलावा लागला.

त्या अधिकाऱ्यांवर माझा राग नाही. त्या कास्टिंगवर जवानाचा जीव असतो, शिक्का हवाच. पण ही अट पहिल्या दिवशी कागदावर का नसते? आणि या सगळ्या काळात मशीनच्या कर्जाचा हप्ता थांबला नव्हता. तोड न आलेल्या उसासारखी गत: माल उभा, व्याज चालू. शेवटी सॅम्पल पास झालं, तेव्हा हातात पडलेली ऑर्डर इतकी लहान होती की पॅटर्नचा खर्चही निघेना. त्या माणसाने पुन्हा ट्रॅक्टरचं काम धरलं. चांगला ओतारी या क्षेत्राने गमावला, याचं मला फार वाईट वाटतं.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय, म्हणून मूळ मुद्दा भरभर सांगतो.

संरक्षणातल्या नव्या कल्पनांसाठीचं आयडेक्स २०१८ साली सुरू झालं, त्याच्या मूळ योजनेत दीड कोटीपर्यंत अनुदान ठेवलं. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या टीडीएफ, म्हणजे तंत्रज्ञान विकास निधीमध्ये मर्यादा १० कोटींवरून ५० कोटींवर गेली, प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत आहे. योजना चांगल्या आहेत, पण त्या नव्या तंत्रज्ञानासाठी. आपलं कास्टिंग नवा शोध नाही. परदेशातून येणारा पार्ट इथे तितकाच चांगला करणं हे आपलं काम. संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर अशा वस्तूंची यादी आहे, पण यादी म्हणजे ऑर्डर नव्हे. तेव्हा पॅटर्न, टेस्टिंग, पुन्हा टेस्टिंग या टप्प्याला अनुदान हवं, आणि सॅम्पल पास झाल्यावर किमान किती माल उचलणार ते आधी लिहून मिळायला हवं.

टेस्टिंगचं बघा. २०२० साली संरक्षण मालाच्या टेस्टिंगची केंद्रं उभारायला ४०० कोटींची डीटीआयएस योजना आली. केंद्राचे ७५ टक्के, बाकी उद्योग आणि राज्याने उभे करायचे. मंजूर केंद्रं प्रामुख्याने तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशच्या संरक्षण उद्योगांच्या पट्ट्यांत, म्हणजे कॉरिडॉरमध्ये गेली. त्यांना मिळालं याचा आनंद आहे. पण अंबाझरी, भंडारा, भद्रावती, वरणगाव, खडकी, देहूरोड, अंबरनाथ इतक्या आयुध निर्माणी महाराष्ट्रात. २०२१ मध्ये त्यांच्या कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपूरला आणि म्युनिशन्स इंडियाचं पुण्याला. मग कोल्हापूर-सांगली पट्ट्यात याच ७५-२५ च्या धर्तीवर धातू तपासणीचं केंद्र का नको? आपल्या वाट्याचे २५ टक्के आपल्या कारखान्यांच्या क्लस्टरने मिळून उभे करायची तयारी ठेवली पाहिजे, हे मी इथेच स्पष्ट सांगतो.

पेमेंटचं एकच सांगतो. लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा पेमेंटला ४५ दिवसांची मर्यादा घालतो, उशिरावर चक्रवाढ व्याजही लावतो. पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात आणि आपण अडकतो तपासणीत, त्याच्या आधी. त्या मधल्या काळासाठी कमी व्याजाचं खेळतं भांडवल सरकारने हमी देऊन बँकेकडून मिळवून द्यावं.

निवेदनाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. ज्यांची सॅम्पलं अडकली आहेत त्यांनी ती कुठल्या टप्प्यावर आणि कशापायी अडकली, तेवढं त्यावर लिहून जा. ड्रॉइंगची आवृत्ती बदलली असेल तर तेही लिहा.